डावीकडे बघा

सकाळी साडेआठला दादरहून सुटलेली 'मुंबई दर्शन'ची बस दहाव्या मिनिटाला लालबागच्या उड्डाणपुलावर चढली आणि अख्खं गिरणगाव चाकांखालून निघून गेलं. गाइड तेव्हा माइकवर जेवणाच्या थांब्याचं सांगत होता. माझी आत्या खिडकीला नाक लावून बसली होती. "मामंजींचं लालबाग कुठं आलं रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "खाली." तिनं मान वाकडी करून खाली बघायचा प्रयत्न केला. पुलाचा कठडा दिसला, टॉवरच्या काचा दिसल्या, लांबवर एक चिमणी दिसली. तेवढ्यात पूल उतरलासुद्धा.

आत्या सातारा जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातली. वय अडुसष्ट. तिचे सासरे लालबागला गिरणीत साच्यावर होते. एका खोलीत अठरा-वीस गाववाले. पहिल्या पाळीचे उठून गेले की तिसऱ्या पाळीचे त्याच वळकट्यांवर येऊन पडायचे. जेवण खानावळीत. पगार झाला की मनिऑर्डर. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे मामंजींना कमी ऐकू यायचं आणि गावी आले तरी ते ओरडूनच बोलायचे. लग्न होऊन आलेल्या आत्याला पहिलं वर्षभर वाटायचं, सासरा आपल्यावर रागावलाय. मग १८ जानेवारी १९८२ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मामंजी वर्षभर वाट बघून ट्रंक घेऊन गावी परतले. त्यांच्या तोंडून मुंबई ऐकत आत्या म्हातारी झाली, पण ती खोली तिनं कधी पाहिली नाही. म्हणून ती या बसमध्ये बसली होती. आणि बस पुलावरून गेली.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. शहराचं दर्शन घडवणारी बस कुठे थांबते आणि कुठून नुसती पुढे जाते, यावरून त्या शहराला आपली कुठली माणसं आठवतात ते कळतं. मुंबईची बस चुकीच्या ठिकाणी थांबते. ती ज्यांना मुंबई दाखवते त्यांच्याच बापजाद्यांची मुंबई वगळते. जेवताना आजूबाजूला चौकशी केली. मागच्या सीटवरच्या रत्नागिरीच्या जोडप्यात नवऱ्याचे वडील सूतखात्यात होते. सांगलीच्या एका बाईंचे मामा बदली कामगार. दोन टेबलं विचारून झाल्यावर मी विचारायचं थांबलो.

पूल उतरून भायखळा आलं. "डावीकडे बघा, राणीचा बाग, इथे पेंग्विन आहेत." पोरं ओरडली. पेंग्विन बघायला माझी ना नाही. पण त्याच आवारालगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तो उचलताना मोडला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. गेटवेवर तासभराच्या लाँचची तिकिटं काढून माणसं ज्या बेटावर जातात, त्या बेटाला परक्यांचं नाव देणारा हत्ती रस्त्यावरून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्यासाठी बस पाच मिनिटं थांबत नाही.

जे.जे.चा पूल. पुन्हा एक अख्खी वस्ती खाली गेली आणि आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी उतरलो. इथे मात्र थांबा होता, बारा मिनिटांचा. गाइडनं इथे कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं ते सांगितलं. सगळे पाठमोरे झाले, इमारत मागे घेऊन फोटो काढायला लागले.

मी आत्याला फोटोच्या घोळक्यातून बाजूला काढलं. म्हटलं, समोर बघ. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. दगडातली पानं, मोर, माकडं, खारी जवळ जाऊन बघाव्या अशा. त्यातलं बरंचसं कोरीवकाम इथल्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आणि दर्शनी भिंतीवर, गोल चौकटीत कोरलेल्या चेहऱ्यांमध्ये एक चेहरा नाना शंकरशेटांचा. हिंदुस्थानात आगगाडी यावी म्हणून खटपट करणाऱ्यांतले ते एक. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा ते गाडीत होते. "पुस्तकातले नाना?" आत्या म्हणाली. हो, पुस्तकातलेच. तिनं पदर सावरला आणि कपाळावर हात धरून भिंतीवर त्यांना शोधायला लागली. "मावशी, फटाफट!" बसच्या दारातून हाक आली.

पुढचा चौक हुतात्मा चौक.

"डावीकडे बघा, हुतात्मा चौक, फ्लोरा फाउंटन." सिग्नल हिरवा होता, बस वळली. मी घड्याळ बघितलं नाही, पण आत्याचे जोडलेले हात छातीपर्यंत येईतो चौक मागे पडला होता. एका हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली. १८६४च्या त्या कारंज्यासमोर मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून पुढच्या काळात शंभरावर माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६०ला हे राज्य झालं. बसमधली चाळीस माणसं ज्या राज्याची आहेत, ते राज्य ज्या चौकातल्या रक्तातून आलं, तिथे चाक थांबत नाही. मला याचा राग येतो. गेली कित्येक वर्षं या चौकातून जाताना येत नाही एवढा त्या दिवशी आला, कारण शेजारी हात जोडलेली बाई होती.

गेटवेला पंचेचाळीस मिनिटं. पाहिजेतच. पिवळसर बेसॉल्टची ती कमान जॉर्ज विटेटची. राजा पंचम जॉर्ज १९११ला आला त्याची आठवण म्हणून बांधलेली. राजा आला तेव्हा ती झालेलीच नव्हती, त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती बघावी लागली. पायाभरणी १९१३ला, उद्घाटन १९२४ला. गाइडनं राजा आल्याचं सांगितलं. पण २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीत बसली, हे त्यानं सांगितलं नाही. आलेलं सांगायचं आणि गेलेलं गाळायचं, हे कसं चालेल? कमानीसमोर घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा आहे. आत्यानं चपला काढून दर्शन घेतलं.

मरीन ड्राइव्ह छान झाला, वारं होतं, त्यावर अधिक लिहीत नाही. हँगिंग गार्डनसमोर कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटापाशी पोरं रमली. मला हँगिंग गार्डनमध्ये पायाखालचं सांगावंसं वाटत होतं. ही बाग पाण्याच्या टाकीवर आहे. आपण हिरवळीवर चालतो त्याखाली दक्षिण मुंबईचं पाणी साठवलेलं असतं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा १८९२पासून या शहराला पाणी पाजतंय. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बायका हंडे घेऊन त्याच्यामागे धावतात. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. सांगितलं तर ती बाग कुणी विसरणार नाही.

मग सागरी सेतू, ५.६ किलोमीटर, आणि वांद्रे. इथे बस थांबली. एका नटाच्या बंगल्यासमोर. फाटक बंद, भिंत उंच, आत दिसतात ती झाडांची टोकं. पंचवीस मिनिटं! चाळीस माणसं एका बंद फाटकाकडे बघत उभी. पुढे जुहूला दुसरा बंगला, तिथे आणखी वीस. लोकांना सिनेमा आवडतो, मलाही आवडतो. मुंबईनं सिनेमा घडवला हे या शहराचं मोठं काम आहे आणि ते दाखवायलाच हवं. स्टुडिओ दाखवा, जुनी थिएटरं दाखवा. बंद फाटकात बघण्यासारखं काय आहे? हुतात्मा चौकाला तीन सेकंद आणि कुणाच्या तरी खासगी भिंतीला पंचवीस मिनिटं, हा हिशेब ज्यानं मांडला त्यानं तो लोकांसमोर येऊन समजावून सांगावा.

गाइडला मी दोष देत नाही. पंचविशीतला पोरगा, सकाळी साडेसातपासून उभा. जेवतानाही त्याला खाली बसता आलं नाही. त्याला विचारलं, लालबागला का थांबत नाही? म्हणाला, "साहेब, कागदावर नाही. कागदावर नाही तिथे गाडी लावली तर दंड मी भरायचा. आणि बंगला राहिला तर लोक पैसे परत मागतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझे आजोबा पण गिरणीत होते. करी रोडला." हे त्यानं माइकवर सांगितलं असतं तर बसमधल्या निम्म्या लोकांनी त्याच्याभोवती गराडा घातला असता. पण त्याच्या हातातल्या कागदावर सिनेमांची नावं होती, आणि तो कागद त्याला मालकानं पाठ करायला दिला होता.

तर मालकांनो, कागद बदला. अवघड काही नाही. वांद्र्याच्या पंचवीस मिनिटांतली दहा हुतात्मा चौकाला द्या. बस उभी करायला जागा मिळत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. ती महापालिकेनं आणि वाहतूक पोलिसांनी सोडवायची आहे, आणि मंत्र्यांच्या गाड्या उभ्या राहतात त्या शहरात एका बसची दहा मिनिटं जमतात. जाताना पुलावरून न जाता एकदा खालून जा. उशीर होईल तो जुहूच्या बंगल्यातून वळता करा. पोराला त्याच्या आजोबांबद्दल बोलू द्या. चैत्यभूमी दादरलाच आहे, जिथून तुमची बस सुटते तिथे. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांना जिथे अखेरचा निरोप दिला गेला तिथे दिवसाची सुरुवात करायला एक लिटर डिझेलही जास्तीचं लागणार नाही. आणि प्रवाशांनो, तिकीट काढताना आपणही विचारायला हवं, की बस कुठे थांबते. आपण फक्त एसी आहे का ते विचारतो.

आता कुणी म्हणेल, एका दिवसात सगळं कसं दाखवणार? बरोबर आहे. दुमजली उघड्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून फोर्टच्या इमारतींची नक्षी डोळ्यांच्या उंचीवर बघता यायची, त्या बेस्टच्या बसही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. शहर मोठं, दिवस छोटा. म्हणून तर निवड महत्त्वाची. वेळ अपुरा असेल तर पाहुण्याला आपण आधी आपल्या घरातली माणसं दाखवतो, शेजारच्याचं फाटक नाही.

रात्री घरी आल्यावर आत्यानं पाय चेपून घेतले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाली, "सगळं बघितलं, पण मामंजींचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लालबागला गेलो. पुलाखालून. तिच्याकडे पत्ता असा नव्हताच. "गणेश गल्लीच्या मागं, दुसरा माळा, जिन्याला लागून" एवढंच मामंजी सांगायचे. गल्लीत मसाल्याच्या भाजणीचा खकाणा होता, आत्याला ठसका लागला. तीन चाळी पाहिल्या. चौथीचा जिना लाकडी, कठडा हातांनी घासून घासून आरशासारखा झालेला. ती एकेक पायरी थांबत चढली. दुसऱ्या माळ्यावर जिन्याला लागून एक दार उघडं होतं आणि उंबऱ्यात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती.

"कुणाकडं आलात?"

"कुणाकडं न्हाई. आमची माणसं राहायची हितं. गिरणीत होती."

"कुठली?"

"पाटणची."

म्हातारीनं लसणाची परात उचलून बाजूला ठेवली, पदरानं उंबरा झाडला आणि सरकून जागा केली. "मग बसा की."

ती खोली मामंजींचीच होती का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आत्या तिथे दीड तास बसली. निघताना अर्धी परात लसूण तिनं सोलून दिला होता.