वाघतोंड्या राक्षस आणि शॅम्पू केलेले शूरवीर

राक्षस कसा दिसतो हे मराठी माणसाला सांगायला नको. सुळे, झिपऱ्या, घागरीएवढं पोट. ‘चांदोबा’ वाचून मोठे झालेले लोक डोळे मिटूनही काढून दाखवतील. 1977 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ निघालं. त्यात ‘राक्षस’ याच नावाने आपले हे पाहुणे आहेत, मूळ गाव हिंदुस्थान अशी नोंदही आहे. चित्रात मात्र तोंड वाघाचं, अंगात उंची झगा, हातात पाईप. जेवणानंतर जिमखान्यात विसावलेल्या निवृत्त न्यायमूर्तींसारखा दिसतो.

खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स. त्याला हा राक्षस रामायणात नव्हे, टीव्हीवरच्या एका भयमालिकेत भेटला. पुजाऱ्याने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की राक्षस खल्लास, असा नियमही त्याने केला. एवढं सोपं असतं तर श्रीरामांना सेतूचा खटाटोप कशाला करावा लागला असता? वाघाचं तोंड ही मात्र चित्रकाराची करणी. ते इतकं चिकटलं की आज जगभरच्या खेळाडूंना राक्षस म्हटलं की वाघच आठवतो. पुढे कुणीतरी त्याचे तळहातही उलटे करून ठेवले. आपल्याकडे भुताची पावलं उलटी, तिकडे राक्षसाचे तळहात. दळणवळण वाढलं की असं होतंच.

एवढं होऊनही तो चित्रकार, डेव्हिड ट्रॅम्पियर, माझा सगळ्यांत लाडका. कारण त्याला या खेळाची नस कळली होती. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट रचायची, एवढाच हा खेळ. पटावर काही नसलं तरी चालतं, डोक्यात हवं. म्हणजे पुस्तकातल्या चित्राचं काम एकच: बघणाऱ्याला ‘मी असतो तर काय केलं असतं’ याची खाज सुटली पाहिजे.

1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’चं त्याचं मुखपृष्ठ बघा. मधोमध राक्षसी देवतेची अजस्र मूर्ती. लढाई संपलीय. खाली सरड्यासारख्या माणसांची मढी पडलीत, एकजण तलवार पुसतोय, बाकीचे आवराआवर करताहेत आणि पुढचा बेत आखताहेत. वर मूर्तीच्या डोक्याशी चढलेले दोन भामटे तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटताहेत. वीरश्री वगैरे काही नाही, चक्क कामाचा दिवस! तरी बघणारा विचारतोच: रत्न निघालं की काय होणार? मूर्ती हलली तर? वाटणीत माझा हिस्सा किती? खेळ सुरू झालासुद्धा. 1983 मध्ये खेळाच्या प्रकाशक कंपनीने हे काढून तिथे जेफ ईझलीचा जादूगार आणला. ईझली हाताने तयार, प्रश्नच नाही. पण त्याचा जादूगार बघून मी पान उलटतो. ट्रॅम्पियरच्या चित्रात मी अजून अडकलोय.

हा बाबाही विक्षिप्तच. 1988 मध्ये त्याची ‘वर्मी’ ही चित्रमालिका ‘ड्रॅगन’ मासिकात मध्येच थांबली आणि तो गायब झाला. मानधनाचे चेक परत आले. लोकांनी त्याला मनातल्या मनात पोचवलंही. 2002 मध्ये इलिनॉयमधल्या कार्बनडेलच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात एका टॅक्सीवाल्यावर मजकूर आला, तो टॅक्सीवाला म्हणजे हाच. चाहते धावले, पण गड्याने कुणाला दाद दिली नाही. 2014 मध्ये तो गेला.

आता नावडते. इथे लोक माझ्यावर फासे फेकून मारणार. लॅरी एल्मोर! खेळाची 1983 ची लाल पेटी, ढिगाऱ्यावर तांबडा ड्रॅगन, समोर तलवार उगारलेला वीर: हे चित्र दणदणीत आहे, मान्य. पण ‘ड्रॅगनलान्स’ या कथामालेतल्या त्याच्या मंडळींकडे बघा. महिनोन्‌महिने रानोमाळ भटकताहेत, मागे ड्रॅगन लागलाय, आणि केसांची बट जागची हललेली नाही. गुहेत शॅम्पूची सोय असावी. शिवाय सगळे आमच्याकडे तोंड करून उभे. अहो, ड्रॅगन मागे आहे!

क्लाइड कॉल्डवेलचा ‘रेव्हनलॉफ्ट’मधला व्हँपायर स्ट्राड झकास. मात्र कॉल्डवेलच्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावर दागिने भरपूर आणि मांड्या झाकायला कापड नाही. मंत्राने डोंगर हलवणाऱ्या बाईला एक परकर मिळू नये? वेन रेनॉल्ड्सचा कारभार उलटा. त्याच्या वीरांच्या अंगावर पट्टे, बक्कल, पिशव्या, पुन्हा पट्टे. ऐन संकटात औषध कुठल्या पिशवीत ठेवलंय हे शोधेपर्यंत माणूस मरायचा.

एरोल ओटसला नावं ठेवणारे पुष्कळ. 1981 च्या पेटीवरचा त्याचा हिरवा ड्रॅगन आणि ते भडक रंग बघून ते म्हणतात, हे तापात काढलंय. असेल. पण गुहेत खोल जाऊन न पाहावं ते पाहिल्यावर माणसाला तापच येणार, तेल लावलेले दंड दिसणार नाहीत. ओटसच्या बुरशीकडे पाहिलं तरी हात धुवावेसे वाटतात. इतकं किळसवाणं काढायलाही जातीचा चित्रकार लागतो. ‘प्लेनस्केप’वाला टोनी डिटर्लिझी आणि ‘डार्क सन’चा ब्रॉम हेही माझ्याच पंगतीत, एकाची नाजूक भुतं आणि दुसऱ्याचं करपलेलं वाळवंट मला सारखंच हवं.

ज्यांना जुनं काम सरसकट ‘शाळकरी’ वाटतं त्यांच्याशी मी भांडत नाही. 1974 च्या पहिल्या पेटीवरचा घोडेस्वार तर सरळ मार्व्हलच्या कॉमिकवरून गिरवलेला होता. डेव्हिड सदरलँडचं ‘अ पॅलडिन इन हेल’ही चारचौघांच्या हिशेबाने कच्चंच. तरी नरकात सैतानांच्या गर्दीत एकट्याने घुसलेला तो योद्धा पाहून मनात पहिलं येतं, हा इथे आला कसा? आणि दुसरं, परत कसा जाणार?

2023 मध्ये याच खेळाच्या, महाकाय मानवांवरच्या नव्या पुस्तकात एआयने ‘सुधारलेली’ चित्रं निघाली. वाचकांनी ती हुडकून काढली, बोंब झाली, कंपनीने घाईघाईने चित्रकारांसाठी नियम जाहीर केले. सदरलँडचेही हातपाय अधूनमधून भलतीकडे जायचे. पण निदान तो ते स्वतःच्या हाताने चुकवायचा.