उणेकाका

पेणला थंडी पडते ती पोपटीपुरती. डिसेंबर सरता सरता वालाच्या शेंगा भरतात, त्या मडक्यात भाजून पोपटी लावायला बांधावर भांबुर्डीचा पाला मिळतो आणि रात्री अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा येतो. पारा पंधराच्या आसपास आला की माणसं कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना "यंदा कडाका आहे हां" म्हणू लागतात. अशा गावात हिमप्रदेशातल्या विजेच्या मोटारींचा जाणकार राहतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्हाला वाटतं, कारण आम्हाला ते रोज ऐकावं लागतं.

घरचं नाव काहीही असो, गाव त्यांना उणेकाका म्हणतं. चहा गार झालाय म्हणून तुम्ही तोंड वाकडं केलंत की काका मोबाईल काढतात. "हा गार? ओस्लोत आत्ता उणे अकरा आहे." त्यांच्या मोबाईलवर पेणचं हवामान नाहीच. मुलगी आणि जावई ओस्लोत असतात, त्यामुळे काकांचा पारा कायम तिकडचा.

काकांची सगळी नोकरी धाटावच्या एमआयडीसीत बॉयलरवर गेली. पस्तीस वर्षं वाफेशी संसार केलेला माणूस निवृत्तीनंतर बर्फाच्या नादी लागला. बरं, बर्फ पाहिला म्हणावं तर तेही नाही. नॉर्वेला ते एकदाच गेले, आणि तेही जूनमध्ये. काकींनी बांधून दिलेले स्वेटर डांबरगोळ्यांसकट घडी न मोडता परत आले. रात्री अकरालाही उजेड असायचा, त्यामुळे काकांना झोप लागली नाही एवढीच त्यांची हिवाळ्याची प्रत्यक्ष माहिती. बाकीची सगळी व्हिडिओ कॉलवरची. पण ती पक्की आहे, आणि पंचाईत तिथेच आहे. काका चुकीचं बोलत असते तर आम्ही त्यांना कधीच गुंडाळून ठेवलं असतं.

गणपतीच्या एका कारखानदाराला मूर्ती पोचवायला विजेचा तीनचाकी टेम्पो घ्यायचा होता. जानेवारीतली सकाळ होती. काकांनी शेजारच्या सलूनमधून खोबरेल तेलाची बाटली मागवली आणि त्याच्या डोळ्यांपुढे उलटी धरली.

"तेल आहे का आत?"

"आहे."

"पडतंय का?"

"गोठलंय काका, पडेल कसं?"

"मग चोरीला गेलं का? नाही. आहे, पण बाहेर येत नाही. बॅटरीचं तेच. थंडीत आतला द्राव जड होतो, आयन रेंगाळतात. वीज असते, पण हातात येत नाही."

इथवर कारखानदार मान डोलावत होता. मग काका शून्याखाली उतरले. गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्यावरच धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची अधू होते, म्हणून गाडीचा कॉम्प्युटरच चार्जिंग हळू करतो. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त पेट्रोल नुसती उष्णता होऊन वाया जातं, पण हिवाळ्यात त्याच फुकटच्या उष्णतेवर गाडी आतून गरम होते. विजेच्या मोटारीत वाया जाणारं फारसं काही नाही, त्यामुळे ऊबही बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. कडक थंडीत पल्ला पाव ते एक तृतीयांश सहज घटतो. आणि 2024 च्या जानेवारीत शिकागोत काय झालं? चार्जिंगच्या रांगेतच गाड्या मेल्या, टोइंगवाल्यांनी ओढून नेल्या.

"काका," कारखानदार म्हणाला, "मूर्ती कळंबोलीला जायच्यात. शिकागोला नाही."

"आज कळंबोली," काका म्हणाले, "उद्याचं कुणी सांगावं?"

यावरून कोणाला वाटेल की काका विजेच्या गाडीच्या विरोधात आहेत. अजिबात नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी बँकेतले एक गृहस्थ सहज म्हणाले, "आपण बाबा पेट्रोलचीच घेणार, ती बॅटरीची भानगड नको." झालं. काकांनी खुर्ची ओढली. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत दर दहांतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, ते लोक काय वेडे आहेत? निघण्याआधी गाडी घरच्या चार्जरला लावलेली असतानाच बॅटरी आणि गाडी दोन्ही गरम करून घ्यायची, की निम्मा प्रश्न मिटला. हीट पंप असला तर ऊबही स्वस्तात पडते. शिकागोत अडकलेल्यांत कितीतरी जणांकडे घरी चार्जर नव्हता आणि बॅटरी गरम न करताच ते रांगेत उभे राहिले, त्याला गाडी काय करणार? आणि पेट्रोलचं कौतुक कोणाला सांगता? कॅनडात विनिपेगला पेट्रोलच्या मोटारीसुद्धा रात्री प्लगला लावून ठेवतात, इंजिन गरम राहावं म्हणून. डिझेलमध्ये तर मेण धरतं. बँकवाले गृहस्थ पेट्रोलची गाडी घ्यायला निघाले होते, ते चालत घरी गेले.

समोरच्याचं ठरलं की काकांचं मोडतं, हा त्यांचा स्वभाव मोटारींच्या आधीपासूनचा आहे. रोह्याला गाडीतून उतरल्यावर डिझेल इंजिनाच्या धुराने सदरा खराब होतो अशी त्यांची वर्षानुवर्षांची तक्रार. 2022 साली रोह्यापासून ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं, तेव्हा पेढे वाटतील असं वाटलं होतं. काका म्हणाले, "तारेवर झाड पडलं की बसा आता. डिझेल कसं, कशाला मिंधं नव्हतं."

एका हिवाळ्यात थंडीची प्रत्यक्ष परीक्षा घ्यायला ते माथेरानला गेले. जिल्ह्यात त्याहून गार काही नाही, आणि 2022 च्या डिसेंबरपासून तिथे ई-रिक्षा सुरू झालेल्या, पूर्वी हातरिक्षा ओढणारेच त्या चालवतात. काकांनी एकाला गाठून विचारलं, "थंडीत बॅटरी किती उतरते?" तो म्हणाला, "थंडीचं काही कळलं नाही काका. चढाला उतरते." काकांनी हे वहीत लिहून घेतलं, पण पुढे कुठे सांगितलं नाही.

आता खरं म्हणजे पेण-रोह्याच्या बॅटरीला भीती थंडीची नाहीच. माणसाला ज्या हवेत बरं वाटतं त्याच हवेत बॅटरीलाही बरं वाटतं, त्यामुळे आमचा जानेवारी तिला मानवतोच. तिचं आयुष्य खातो तो एप्रिल-मे. भर उन्हात पूर्ण भरलेली गाडी दिवसच्या दिवस उभी ठेवणं तिला सोसत नाही. आणि जुलैत भोगावतीचं किंवा कुंडलिकेचं पाणी रस्त्यावर आलं की कुठली गाडी कुठे लावावी हा प्रश्न पेट्रोलवाल्यालाही पडतो. पण ओस्लोहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर यातलं काही दिसत नाही, म्हणून ते काकांच्या अभ्यासक्रमात नाही.

त्यांच्या अभ्यासाला खरा धक्का दिला तो रोह्याच्या साडूभाऊंनी. साडूभाऊ कमी बोलणारे. त्यांनी कुणाला न विचारता विजेची गाडी घेतली, पोर्चमध्ये पंधरा अँपियरचं सॉकेट बसवलं आणि पेणला पोपटीला ते तीच घेऊन आले. काकांना हे गाडी दारात उभी राहिल्यावर कळलं.

मडक्यात पाला, शेंगा, कणग्या, अंडी, मीठ-ओवा घातलेलं चिकन असे थर लावले, वर पुन्हा पाला कोंबला, मडकं शेतात उपडं घातलं आणि पेंढा-गोवऱ्या रचून जाळ केला. एरवी पोपटीचा ताबा काकांकडे असतो. बॉयलरचा माणूस, जाळ कुठे कमी आणि कुठे जास्त हे त्यांना लांबून कळतं. त्या रात्री मात्र त्यांचं लक्ष गाडीकडे. मडक्यावर पाण्याचा हबका मारून चर्र आवाज येतो का ते बघायचं काम काकींनी केलं. शेंगा सोलता सोलता काका म्हणाले, "साडूभाऊ, पल्ला किती?"

"दोनशे धरा."

"हीटर लावून?"

साडूभाऊंच्या हातातली शेंग तशीच राहिली. गाडीला हीटर आहे हे त्यांना माहीत होतं, पण रोह्यात तो लावून बघावा असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

मुक्कामाला रोह्याला जायचंच होतं. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. काका पुढे बसले, काचा वर केल्या आणि हीटर शेवटच्या खुणेपर्यंत फिरवला. बाहेर सतरा अंश. वडखळला सगळ्यांनी शाली काढल्या. तिथे ट्रेलरच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा काका खुलले. "आता बघा. गाडी उभी, हीटर चालू. तासाला तीन युनिट धरली तर तीस युनिटची बॅटरी दहा तास पुरते. बर्फात अडकलं तरी माणूस गोठत नाही!" मागे काकी आणि त्यांची बहीण पदराने वारा घेत होत्या. बहिणीच्या कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं होतं.

"अहो, बर्फाचं राहू द्या," काकी म्हणाल्या, "माणसं उकडतायत."

"अगं, प्रयोग चाललाय."

"मग मडक्यात बसायचं होतं."

नागोठण्याला साडूभाऊंनी एक शब्द न बोलता गाडी बाजूला घेतली, चारही काचा खाली केल्या आणि लिंबू सोडा मागवला. काकांनी तोवर हिशेब मांडला होता. हीटर नसता तर रोह्यापर्यंत सहा युनिट, हीटरसकट साडेआठ. "सांगत होतो ना, पल्ला जातो!" असं त्यांनी सोडेवाल्यालाही सांगितलं.

काकींनी त्यातून वेगळाच हिशेब काढला. साडेआठ युनिट म्हणजे घरच्या दराने शंभर रुपयांच्या आत, तेही भट्टी पेटवून. रोह्याला पोचल्यावर दोघी बहिणी बराच वेळ आत बोलत होत्या. पुढे काकी पेणच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊ लागल्या. सोसायटीत पार्किंगला चार्जिंग पॉइंट मागणारा त्यांचा अर्ज आला, तेव्हा त्याला हरकत घ्यायला काका सवयीने उठले. अर्ज वाचताना सेक्रेटरींनी खालचं नाव मोठ्याने वाचलं. काका बसले. दसऱ्याला गाडी दारात आली. काकींनी मुदत ठेव मोडली होती आणि काकांना विचारलं नव्हतं.

तेव्हापासून काका पेट्रोलचे झाले आहेत. निदान नाक्यावर तरी. घरात त्यांचं वागणं निराळं आहे. परवा जानेवारीत पारा चौदावर आला तेव्हा रात्री दहाला सोसायटीच्या वॉचमनने काकींना खाली बोलावलं. काका एक जुनी गोधडी बॉनेटवर पसरून तिचे कोपरे वायपरखाली खोचत होते.

"अहो, बॅटरी खाली असते," काकी म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"माहीत आहे मला," काका म्हणाले. मग वॉचमनकडे वळले. "जरा टॉर्च धर रे इकडे." आणि गोधडी ओढून काढून, खालून बांधता येते का ते बघायला गुडघ्यांवर बसले.