नाव रने ठेवा, पण ते राहू द्या

परवा सास्तूरला एका बारशाला गेले होते. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली गव्हा-हरभऱ्याच्या घुगऱ्यांची परात, आणि आत्या बाळाच्या कानाशी वाकलेली. तिनं ‘कुर्रर्र’ केलं, नाव सांगितलं, बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि मग सगळ्या एकदम विचारायला लागल्या, “काय म्हणली? काय म्हणली गं?” आत्यानं मोठ्यानं सांगितलं : रने. पणजीनं कानामागं हात धरून ऐकलं, म्हणाली, “राणी. चांगलं हाय,” आणि पाळण्याची दोरी ओढली.

बाप पुण्यात कंपनीत आहे, नोकरीसाठी फ्रेंच शिकतोय. नाव त्यानं शोधलेलं. त्यावरून घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती. थोरल्या चुलत्यांचा सवाल सरळ होता : मराठीत नावांचा दुष्काळ पडलाय का? फ्रेंचमधलं ओरोर म्हणजे पहाट, तर आपल्याकडं उषा आहे. लूसीत उजेड आहे, तर आपल्याकडं ज्योती आहे, प्रभा आहे. सोफी म्हणजे शहाणपण, आपली प्रज्ञा काय कमी आहे? नुसतं कानाला गोड लागतं म्हणून परक्या मुलखातून नाव आणायचं आणि त्याचा अर्थ विचारला की मोबाइल काढायचा, याला माझाही विरोध आहे. गावोगावच्या अंगणवाड्यांत अशी कितीतरी नावं आहेत, ज्यांचा अर्थ आईबापांनाही सांगता येत नाही.

पण रनेचा अर्थ बापाला ठाऊक होता. रने म्हणजे पुन्हा जन्मलेली. फ्रेंचमध्ये हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही. उच्चार एकच, फक्त लिहिताना मुलीच्या नावाला एक अक्षर जास्त. अर्थ ऐकला आणि माझं मत तिथंच ठरलं. हे नाव सास्तूरला शोभत नसेल तर ते कुठं शोभेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून आलेली माणसं गाढ झोपेत असताना भूकंपानं दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या पट्ट्यातली कितीतरी गावं काही सेकंदांत मातीला मिळाली. पुढं पाच दिवसांनी मंगरूळला लष्कराच्या जवानांनी ढिगाऱ्यातून दीड वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर काढली. त्या मुलीला कुणी रने म्हटलं असतं तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसता. ज्या बाळाचं बारसं मी पाहिलं, तिची आजी त्या पहाटे पत्र्याच्या आडोशाला झोपली होती म्हणून वाचली. पाळण्याजवळ बसून ती नातीचं नाव घोकत होती : रने, रने. दुपारपर्यंत तिच्या तोंडी ते बसलं होतं.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. मुलीच्या नावासाठी घर तीन आठवडे भांडलं. आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यात, २२ ऑक्टोबर २०११ ला २८५ मुलींना नवी नावं द्यावी लागली, कारण आईबापांनी त्यांची नावं नकुशी, नकोशी अशी ठेवली होती. आधीच्या मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली, एवढाच त्यांचा गुन्हा. शाळेत हजेरीच्या वेळी रोज त्या ‘नको असलेली’ या हाकेला ‘हजर’ म्हणत होत्या. तेव्हा मुलीच्या नावाचा अर्थ शोधत रात्र रात्र जागणारा बाप मला हवाच आहे. त्यानं शोधलेलं नाव फ्रेंच निघालं म्हणून मी त्याच्यावर डोळे वटारणार नाही.

माझं भांडण पुढंच आहे.

दुपारी पंगत उठल्यावर बाळाचा मामा जन्मदाखल्याचे कागद घेऊन ओसरीवर बसला. बाळाच्या नावाची घाई नसते. जन्माची नोंद करताना तो रकाना कोरा राहिला तरी चालतं, वर्षभरात नाव कळवलं तर शुल्कही पडत नाही. अडलं ते आईच्या नावाशी. बाळंतिणीच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. लग्न झालं, सासरी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव कोरलं, पेढे वाटले, आणि बावीस वर्षं ज्या हाकेला ती ओ देत होती ती हाक त्या दिवशी बंद झाली. आता मामा विचारत होता, “ताई, कोणतं लिहू?” ती बाळाला पदराआड घेऊन बसली होती. म्हणाली, “आधारवरचं लिही. तेच आता चालतंय.”

लेकीच्या नावासाठी तीन आठवडे, आणि आईचं नाव पुसताना एका माणसानंही तोंड उघडलेलं नाही!

हा नुसता हळवेपणाचा मामला नाही. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यानं आईचं नाव सक्तीचं केलंय : आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. निर्णय चांगला आहे, आणि मला तो मनापासून आवडला. पण आईची नावंच दोन असली तर मुलाच्या दाखल्यावर येणार कोणतं? शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक, बापाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागणारी नोंद, प्रत्येक ठिकाणी त्या बाईला शपथपत्र करून सांगत फिरावं लागतं की मी तीच आहे. बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलासारखा वाटा महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला. वाटा मागायला ती जाते तेव्हा आधी स्वतःचं नाव शाबीत करावं लागतं.

ही रीत बड्या घरांतही होती. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कल्याणला जन्मल्या तेव्हा त्या यमुना होत्या. रमाबाई रानडे माहेरी यमुनाच होत्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनू, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईही माहेरच्या मनूच. दोन यमुना आणि दोन मनू. त्यांनी पुढं मिळालेली नावं मोठी केली, हे त्यांचं कर्तृत्व. पण ती नावं त्यांना विचारून ठेवली नव्हती.

फ्रान्सकडून काही घ्यायचंच असेल तर नुसतं नाव घेऊ नका, तिथला एक कायदाही घ्या. क्रांतीच्या धामधुमीत, २३ ऑगस्ट १७९४ ला, त्यांनी ठरवलं की जन्माच्या नोंदीत जे नाव आणि आडनाव आहे, त्याखेरीज दुसरं कुणालाही लावता येणार नाही. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, तो कायदा आजही उभा आहे. लग्न झालेली बाई रोजच्या व्यवहारात नवऱ्याचं आडनाव वापरू शकते, पण कायद्यानं तिचं नाव जन्माचंच राहतं. आणि आडनावाचं काहीही होवो, तिच्या स्वतःच्या नावाला सासरचं कुणी हात लावत नाही. बदलायचं तर तिनं स्वतः अर्ज करायचा. नाव निवडायच्या बाबतीत मात्र तोच देश फार काळ कडक होता. १८०३ च्या कायद्यानं संतांच्या पंचांगातली आणि प्राचीन इतिहासातली नावंच चालत. १९९३ च्या जानेवारीत, म्हणजे आपला भूकंप झाला त्याच वर्षी, आईबापांना मोकळीक मिळाली. तरी लेकराचं हित आड आलं तर न्यायाधीश मध्ये पडतो. २०१४ साली एका जोडप्यानं मुलीचं नाव नुटेला ठेवलं, पावाला लावायच्या चॉकलेटचं. मुलीला उद्या पोरं चिडवतील म्हणून न्यायालयानं ते बदलून एला केलं. तिथं मुलीचं नाव बदलायला न्यायालय लागलं. आपल्याकडं ताटभर तांदूळ पुरतात.

आमच्या घरी एक पितळी घागर आहे. भूकंपानंतर जुन्या घराचा ढिगारा उपसताना ती मिळाली, एका बाजूनं चेपलेली. चिंचेनं घासली तेव्हा तिच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं बाईचं नाव दिसलं. घरात त्या नावाचं कुणीच नव्हतं. कुणा शेजाऱ्याची असेल म्हणून वडील गल्लीत विचारून आले. शेवटी आजीच्या धाकट्या बहिणीनं ओळखलं. ती आजीच्या लग्नात माहेरहून आलेली घागर होती आणि त्यावर आजीचं माहेरचं नाव होतं. आजी त्या पहाटे भिंतीखाली गेली होती. पन्नास वर्षं ती त्याच घागरीनं पाणी भरत होती आणि तिच्या पोटच्या मुलांना ते नाव ठाऊक नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात आता पोराबाळांना ते पाठ आहे.

म्हणून बारशाहून निघताना मी रनेच्या बापाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मुलीचं नाव मराठी ठेवा, संस्कृत ठेवा, उर्दू ठेवा, फ्रेंच ठेवा. अर्थ माहीत असू द्या, पणजीच्या तोंडात बसेल असं असू द्या आणि दाखल्यावर पहिल्या दिवशीच नीट तपासून लिहा. आता शाळेपासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत तोच एक दाखला पुढं करावा लागणार आहे. आणि पंचवीस वर्षांनी तिच्या सासरी तांदळाचं ताट पुढं आलं, तर हात आडवा धरा. सून आणणार असाल तर ते ताट मांडूच नका. आणि घरी जाल तेव्हा तुमच्या आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. ती आहे तोवर विचारा.