तिसरी शिट्टी

आमच्या घरी संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याची एक रीत आहे. आधी बटण दाबायचं, मग स्वयंपाकघरात जाऊन डाळ-तांदूळ धुवायचे आणि कुकर लावायचा. पहिल्या शिट्टीला पडद्यावर निळी खिडकी उमटते, दुसरीला पासवर्डची चौकट येते आणि तिसरीला माऊसचा बाण हलायला लागतो. गॅस बंद करून मी लिहायला बसतो. बारा-तेरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग एके दिवशी पडद्यावर नोटीस लागली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार. जन्मतारीख पाहिली तर २९ जुलै २०१५. आमच्याकडे दहा वर्षांचं पोर पाचवीत असतं, तिकडे त्याला नारळ देतात!

“म्हणजे बंद पडणार?” बायकोने विचारलं.

“नाही, चालू राहील. फक्त सुरक्षेची नवी ठिगळं मिळणार नाहीत.”

“चालतंय ना? मग हात लावू नका.”

हाच सल्ला तिने यापूर्वी गिझर, स्कूटर आणि माझा गुडघा यांच्याबाबतीत दिलेला आहे.

पण मला राहवेना. आपल्या यंत्राला विंडोज ११ झेपेल का, हे तपासणारा एक प्रोग्रॅम मिळतो. तो चालवला. रॅम चार जीबी हवी, आहे. डिस्क ६४ जीबी हवी, आमची ५००. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. तेवढ्यात खाली लाल फुल्या दिसल्या. टीपीएम २.० नावाची, कुलूपकिल्ल्या सांभाळणारी चिप आमच्याकडे नव्हती. आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा. पुण्यात एखाद्या पेढीवर तिसरी पिढी बसली की लोक कौतुकाने रांग लावतात. इथे तिसऱ्या पिढीला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

भाच्याला फोन केला. “मामा, रजिस्ट्रीत एक बदल केला की ते चिपबिप काही विचारत नाही,” तो म्हणाला. मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. मागच्या दाराने आत शिरायचं आणि पुढे अपडेट मिळतील की नाही या काळजीत जगायचं, हे या वयात नको वाटलं. “मग लिनक्स मिंट टाक. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं.”

पळणं ठीक, पण माझ्या जुन्या लेखांचं काय? ते युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहेत. त्या फाँटांत मराठी अक्षरांना स्वतःचं घर नव्हतं. ती इंग्रजी अक्षरांच्या जागेत भाड्याने राहायची. फाँट आहे तोवर मराठी दिसणार. फाँट गेला की भाडेकरू गायब आणि मूळ मालक हजर. एकदा भाच्याच्या लॅपटॉपवर माझा लेख उघडला, तर डॉलर, कंस आणि डोक्यावर टोपी घातलेले ‘ए’ ओळीने उभे. “मामा, फ्रेंच कधी शिकलास?” त्याने विचारलं. शिवाय ते मराठीचं सॉफ्टवेअर एका डाँगलच्या मेहेरबानीवर चालतं. कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली अंगठ्याएवढी डबी. काढली की मराठी बंद. दिवाळीच्या साफसफाईतही मी तिला फडकं लागू दिलेलं नाही.

शेवटी कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला. त्याने कॅबिनेटला कान लावला, डॉक्टर छातीला लावतो तसा. “काका, विंडोजला हात लावू नका. हार्डडिस्क बदला. आत तबकडी फिरतेय, तिच्यावरून पातं शोधत हिंडतंय, त्यातच वेळ जातो. एसएसडी टाका, त्यात फिरणारं काही नसतं. आहे तस्संच्या तस्सं त्यावर उतरवून देतो. आणि सुरक्षेच्या अपडेटना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते.”

मुदतवाढ! हा शब्द कानी पडताच माझ्यातला निवृत्त कर्मचारी प्रसन्न झाला. निर्णय न घेण्याचा निर्णय एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळलो. मागे सहज पाहिलं, तर पासवर्डची चौकट हजर! तसाच मागे फिरलो आणि लिहायला बसलो. डाँगलही शाबूत होती, मराठीही. लेख असा काही रंगला की साडेआठ कधी वाजले कळलंच नाही.

“अहो, कुकर?” आतून आवाज आला.

त्या रात्री आम्ही नुसती पोळी-भाजी खाल्ली. शेवटचा घास झाल्यावर बायको शांतपणे म्हणाली, “ती जुनी डिस्क त्याने नेली तर नाही ना?”