लाल दिवा, आता पापणीवर

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 रोजी उतरले, तेव्हा व्हीआयपी संस्कृती संपली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण आपल्याकडे दिवा कायमचा जात नसतो, त्याची फक्त बदली होते. मधली काही वर्षं साइड पोस्टिंगवर काढून तो परत आलाय, आणि या खेपेला थेट मध्यमवर्गाच्या तोंडावर. डोंबिवलीपासून बाणेरपर्यंत कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत रात्री जेवणं आटोपल्यावर डोकावून बघा. यजमान सोफ्यावर उताणे पडलेले. डोळ्यांवर पट्ट्याने आवळलेला मुखवटा, त्याच्या कडांमधून लाल उजेड झिरपतोय. टीव्हीचा आवाज बारीक केलेला आणि आल्यागेल्याला दारातच ताकीद मिळते, "हळू बोला, ह्यांचं लाइट चालू आहे." पूर्वी एवढा मान फक्त सोवळ्यात पूजेला बसलेल्या माणसाला मिळायचा.

दुखणं तसं साधं आहे. डोळे कोरडे पडलेत. ते चुरचुरतात, संध्याकाळी जड होतात, आत वाळूचा कण गेल्यासारखे खुपतात. मध्येच धूसर दिसतं आणि पापणी हलवली की पुन्हा स्वच्छ. गंमत म्हणजे असल्या कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहतं. गालांवर धारा लागलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, "तुमचे डोळे कोरडे आहेत," तेव्हा तो आधी भिंतीवरच्या डिग्रीकडे निरखून बघतो. डॉक्टर बरोबर असतात. डोळ्याचा पृष्ठभाग सुकून चिडला की वरून पाणी सोडण्याचा तातडीचा आदेश निघतो. ते पातळ पाणी गालावरून ओघळून जातं आणि डोळा होता तसाच राहतो. टंचाईत टँकर ज्या तत्त्वावर धावतात, तेच हे तत्त्व.

पाणी टिकत का नाही, हे मिसळ खाणाऱ्याला चटकन कळेल. रश्श्यावर तर्रीचा थर असला की खालचा रस्सा लवकर निवत नाही. डोळ्यावरही तीच व्यवस्था आहे: तळाशी चिकटून राहणारा बुळबुळीत थर, त्यावर पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा पातळसा तवंग. तो आहे तोवर पाणी उडत नाही. हे तेल पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या असतात, वरच्या पापणीत 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने त्यांचं वर्णन 1666 मध्ये केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच सालची ही गोष्ट. महाराज पेटाऱ्यांतून निसटले. आपलं तेल मात्र अजून आत अडकलेलं आहे.

अडकलं कशाने? वय, हार्मोन्स, कातडीचे आजार, काही औषधं यांचा वाटा आहेच. उरलेला वाटा आपण स्वतः उचलला. प्रत्येक वेळी पापणी पुरती मिटली की ग्रंथींवर दाब पडतो, थोडं तेल बाहेर येतं आणि डोळ्यावर सारखं पसरतं. एरवी माणूस मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर बसला की हा आकडा पाच-सातावर येतो, आणि त्यातल्याही बऱ्याच अर्धवट. काम पूर्ण दाखवलं, बिल मंजूर, पापणी अर्ध्यावर. तेल आतच साचतं, घट्ट होतं आणि ग्रंथीचं तोंड बुजवतं.

थोडक्यात, उजळ पडद्याकडे टक लावून आपण डोळे सुकवले आणि त्यावर तोडगा म्हणून उजेडच विकत आणला. यालाच वाढती अर्थव्यवस्था म्हणतात.

उजेडाला मात्र नावं ठेवू नयेत, त्याचं घराणं मोठं आहे. 1903 चं वैद्यकाचं नोबेल डेन्मार्कच्या नील्स फिन्सन यांना प्रकाशोपचारासाठी मिळालं. कातडीच्या क्षयावर ते दिव्याचा झोत टाकत. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लेझर सोडला. त्यांचं लक्ष होतं कर्करोगाकडे. दिसलं ते असं, की उंदरांचे केस भराभर उगवतायत. मंद लाल उजेडाच्या आजच्या साऱ्या बाजारपेठेचे मूळपुरुष हे उंदीर. पुढे या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेम्फिसच्या डॉ. रोलांडो टोयोस यांच्या लक्षात आलं, की चेहऱ्याच्या रोझेशिया नावाच्या विकारासाठी ज्यांच्या गालांवर तीव्र प्रकाशाचे झोत टाकले जातात, त्यांचे डोळेही सुधारतायत. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा एका यंत्राला चोंदलेल्या ग्रंथींमुळे कोरड्या पडलेल्या डोळ्यांसाठी मान्यता दिली.

तर हा झाला थोरला भाऊ. तो दवाखान्यात राहतो. त्याच्यापुढे जाताना डोळ्यांवर कवच, गालावर जेल. झोत पडतो तो पापणीखालच्या कातडीवर. काही आठवड्यांच्या अंतराने चार बैठका होतात, आणि मग डॉक्टर पापणी दाबून ग्रंथींतलं तेल अक्षरशः पिळून काढतात. जाहिरातीत पिळण्याचा फोटो कधी दिसणार नाही.

धाकटा भाऊ घरचा. तो सौम्य, एलईडीवाला. लाल उजेड, सोबत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, आणि बऱ्यापैकी ऊब. डोळे मिटून दहा-पंधरा मिनिटं पडायचं. दोघांची ताकद वेगळी, काम करण्याची रीत वेगळी. पण दुकानदाराला कुटुंबव्यवस्थेचा भारी आदर. मान्यता मिरवायची दवाखान्यातल्या यंत्राची आणि फोटो छापायचा मुखवट्याचा. थोरल्याच्या मार्कशीटवर धाकट्याची ॲडमिशन. वर धाकट्याच्या अंगी गुण तरी किती! कोरडे डोळे, काळी वर्तुळं, सुरकुत्या, झोप, डोकेदुखी आणि मनःशांती. ज्याच्या डोळ्यांत मुळात पाणीच कमी तयार होतं, त्याला तेल वितळवून फारसं काही मिळणार नाही, हे सांगायला खोक्यावर जागा उरत नाही. ते निदान पापण्या उलटून, कागदाची पट्टी अडकवून, दिव्याखाली तपासून करावं लागतं. पण तपासणीवर कॅशबॅक नसतो.

थोरल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती खास आपली. तीव्र प्रकाशाचा झोत कातडीतल्या रंगद्रव्यात शोषला जातो. कातडी जितकी सावळी तितका भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका जास्त. म्हणून उपचाराआधी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी लावतात. 1975 मध्ये सुरू झालेल्या या पट्टीत आज सहा पायऱ्या आहेत आणि अमेरिकेची मान्यता चौथ्या पायरीपर्यंतच. हे वर्गीकरण आपल्याला नवीन नाही. आपली वधू-वर सूचक मंडळं गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा या पट्टीवर कधीपासून काम करतायत. फरक इतकाच, की मंडळात सावळी मुलगी गव्हाळ लिहिली जाते, गव्हाळ ती निमगोरी होते आणि लग्नं लागतात. झोत बायोडेटा वाचत नाही. तेव्हा रंगाबद्दल निदान त्वचातज्ज्ञापाशी तरी खरं बोलावं. आणि ज्या घरांत अंगावरचे केस काढायचं झोताचं यंत्र आहे, तिथे "लाइट तो लाइट" म्हणून तेच पापणीवर फिरवण्याची कल्पकता दाखवू नये. डोळ्यांजवळ नेऊ नका, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका मात्र खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते.

धाकटा घरात शिरतो तो बहुधा बॅगेतून. अमेरिकेतला मुलगा पूर्वी येताना बदाम, चॉकलेटं आणि परफ्यूम आणायचा. आता आई-बाबांच्या डोळ्यांसाठी मुखवटा आणतो. किंमत विचारली की म्हणतो, "तुम्ही कशाला त्यात पडता?" एकदा किंमत कळली नाही, की गुण येणारच. काकू तिसऱ्याच दिवशी सांगतात, "खूप फरक आहे." न सांगून करतात काय? पोराने एवढ्या लांबून आणलंय.

पुरावा विचारणाऱ्यांचीही निराशा नको. दवाखान्यातल्या झोताबद्दल कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या निघाल्या 3 आणि त्यांतली माणसं 114. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याहून जास्त माणसं पाण्याच्या टाकीवरून भांडतात. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या, काहींत बरे निकाल आले, आणि अनुभवी डॉक्टर निवडक रोग्यांना हा उपचार देतातही. पण कोरड्या डोळ्यांच्या संशोधनात एक जुनं भूत आहे: खोटा उपचारही रोग्याला मानवतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या 535 रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना वर्षभर माशाच्या तेलातलं ओमेगा-3 दिलं, काहींना नुसतं ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ओमेगा-3 च्या गोळ्यांची विक्री त्यामुळे थांबली असं कुणी समजू नये. शास्त्र आपल्या जागी, बाटली आपल्या जागी.

आता डॉक्टर सुरुवातीला काय सांगतात ते ऐका. गरम पाण्यातून पिळलेल्या फडक्याचा शेक मिटल्या पापण्यांना द्या. फडकं दोन-तीन मिनिटांत निवतं, म्हणून ते बदलत राहा. पापण्यांच्या कडा स्वच्छ ठेवा. पंखा आणि एसी थेट तोंडावर घेऊ नका. दुचाकीवर चष्मा लावा. सांगितलेले थेंब घाला. आणि मुद्दाम, पुरत्या पापण्या मिटत जा. हे ऐकून रोग्याचा चेहरा पडतो. कन्सल्टेशनचे पैसे मोजून माणूस पापण्या मिटायला शिकत नसतो. फडक्याला ब्लूटूथ नाही, त्याची वॉरंटी मिळत नाही आणि पाहुण्यांना ते दाखवता येत नाही.

दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा, हाही सल्ला मिळतो. सल्ला उत्तम आहे, पण 20 फुटांवर बघायला 20 फूट लागतात. मुंबईत खिडकी उघडली तर 8 फुटांवर समोरच्यांची मोरी. लोकलमध्ये नजर वर केली तर 4 इंचांवर सहप्रवाशाची काख. माणूस मुकाट्याने मोबाइलमध्ये परत जातो, तिथे निदान काश्मीर दिसतं.

या सगळ्याचा सारासार विचार करून प्रस्तुत स्तंभाने एक स्वदेशी उत्पादन बाजारात आणायचं ठरवलंय: बिनदिव्याचा मुखवटा. विचार शास्त्रीय आहे. लाल मुखवट्याचा गुण नेमका कशाचा, हे आम्ही टप्प्याटप्प्याने तपासलं. पंधरा मिनिटं डोळे मिटलेले असतात. पापण्यांना ऊब मिळते. पंख्याचा वारा लागत नाही. समोर पडदा नसतो. घरातलं कुणी बोलत नाही. यांतल्या एकाही गोष्टीला दिवा लागत नाही. तेव्हा आम्ही दिवा काढला, किंमत तीच ठेवली आणि हप्त्यांची सोय केली. कापड सोलापुरी, शिवण इचलकरंजीची, ऊब ग्राहकाने स्वतःच्या गिझरमधून घ्यायची. सावळ्यांना बंदी नाही. प्रीमियम आवृत्तीत आतून एक रेकॉर्ड केलेला आवाज दर चार सेकंदांनी, कुणाच्याही सासूला साजेशा स्वरात, "मिटा!" म्हणतो.

वापराची अट एकच: मुखवटा घातल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. चौकशा भरपूर आल्या, रंग कोणकोणते आहेत हे सगळ्यांनी विचारलं. अट वाचून दाखवल्यावर प्रत्येकाने "घरी विचारून सांगतो" म्हटलं. लाल दिव्यावाल्यांची विक्री मात्र जोरात चालू आहे. त्यांच्या मुखवट्याबरोबर ॲप मिळतं, आणि डोळ्यांना किती विश्रांती मिळाली हे त्यात दर पाच मिनिटांनी बघता येतं.