सोनखत

इंग्लंडमधलं खेडं मी पहिल्यांदा पाहिलं ते साताऱ्याजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावर. काकांनी मुंबईहून एनिड ब्लायटनची पुस्तकं आणली होती. त्यातली पोरं सायकली काढत, केक-सँडविच चापत आणि उरलेल्या वेळात चोर पकडत. चोर आम्हीही पकडले असते, पण आई पिठलं-भाकरीच बांधून द्यायची. पिठल्याला चोर सापडत नसावेत.

पुढे नोकरीनं विल्टशरमधल्या एका खेड्यात आणून टाकलं. शेजारी ऐंशी ओलांडलेले आजोबा. जन्म याच गावचा, 1942चा. पहिल्याच चहाला त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या लहानपणी संडास घराबाहेर होता का रे?" देशाची अब्रू डोळ्यांपुढे तरळली. पण वडीलधाऱ्यांशी खोटं कसं बोलायचं? "हो, परसात." म्हातारा एकदम खुलला. "आमचाही!"

त्या दिवसापासून आमचं मेतकूट जमलं.

त्यांचा संडास बागेच्या टोकाला. फळीला भोक, खाली बादली, खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे. बातमी रंगात आली की पुढचा तुकडा आधीच्या माणसानं नेलेला असे. 1947च्या हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं, की तिथवर पोचायला वडील आधी फावड्यानं वाट खणत आणि मागं हे पाच वर्षांचे, एका पायावर. भरलेली बादली वडील भाजीच्या वाफ्यात पुरत. याला आमच्याकडे 'सोनखत' म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द भक्तिभावानं वहीत उतरवून घेतला.

अंघोळ शनिवारी. शेगडीपुढे पत्र्याचा टब, पाणी एकच, माणसं पाळीनं. हे शेंडेफळ, म्हणजे नंबर शेवटचा. तोवर पाण्याला अंगचा दाटपणा आलेला. रोज बंबाचं कढत पाणी आणि स्वतंत्र बादली मिळालेला मी त्यांच्यापुढे अगदी संस्थानिक ठरलो.

"आणि ब्लायटनच्या पोरांचे ते केक?" मी विचारलं.

"फेमस फाइव्हचं पहिलं पुस्तक माझ्याच जन्मसालचं. देश रेशनवर, आणि ही कार्टी हॅम खातायत! आम्ही त्या परीकथा म्हणून वाचल्या."

खरं दुःख मात्र गोळ्या-चॉकलेटांचं. 1949च्या एप्रिलमध्ये त्यांवरचं रेशन उठलं. देश दुकानांवर असा तुटून पडला, की माल पुरेना. ऑगस्टमध्ये सरकारनं पुन्हा कुपनं लावली. कायमची सुटका झाली 5 फेब्रुवारी 1953ला. मधल्या त्या चार महिन्यांबद्दल आजोबा ज्या सुरात बोलतात, त्या सुरात आमच्याकडे लोक फक्त पेशवाईबद्दल बोलतात.

परवा त्यांनी परसातला रूबार्ब आणून दिला. अळूसारखे लांब, लालबुंद, मनगटाएवढे देठ. मुरंबा झकास झाला.

खत कुठलं, ते मी विचारलेलं नाही.