मॉललाही बाजाराचा दिवस हवा

आसगावात मॉल नाही. पवनी तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांमध्ये कोणी तो बांधायला येईल, अशी आशाही नाही. तरीपण मॉल या विषयावर अधिकारवाणीनं बोलणारी माणसं आमच्या पारावर हवी तेवढी सापडतात, आणि त्याला कारण नागपूरचे दवाखाने. पेशंट भरती असतो, भेटायची वेळ संध्याकाळची असते, आणि सकाळच्या एसटीनं भिवापूर-उमरेड करत पोचलेल्या माणसाला मधली दुपार कुठेतरी काढायची असते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर चढतो. अशा दुपारी फुकटात गारवा देणाऱ्या इमारतीचा मालक नक्की स्वर्गात जात असणार, असं आमच्याकडे मानतात.

परवा एका काकाजींना विचारलं, "का जी, कसा वाटला मॉल?"

"थंडा होता जी. पण मानसंच नाई बाप्पा. दुकानदार आमच्याकडं पाहून राह्यला, आमी दुकानदाराकडं."

मंदीचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या सल्लागार कंपनीनं केलं असेल तर तो अहवाल मला वाचायला आवडेल. ती कंपनी सरकत्या जिन्यापाशी चप्पल हातात घेऊन, पहिल्या पायरीला नमस्कार करून वर गेलेली नसते, एवढाच फरक.

सगळेच मॉल ओस पडलेत असं नाही. नवा उघडला की सुटीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण मॉलला म्हातारपण फार लवकर येतं. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा बघ्यांची गर्दी आवरेना. मग दारावर नियम लावला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपयांचं तिकीट काढा. आमच्या काकाजींच्या खिशात त्या काळी परतीचं भाडं आणि चुन्याची डबी, म्हणजे ते बाहेरच राहिले असते. पुढे त्याचंच सोबो सेंट्रल झालं, एकेक दुकान उठत गेलं, आणि पंचवीस वर्षांच्या आत इमारत कर्जापोटी विकली गेली. नागपुरातलीच गोष्ट घ्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. गिरणीनं सव्वाशे वर्षं काढली. तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलवर २०१९ मध्येच कर्जप्रकरणाच्या तपासात ईडीची टाच आली.

बुडणारा मॉल सावरण्याचे उपाय ठरलेले असतात. मधोमध कारंजं, मुलांसाठी झुकझुक गाडी, सेल्फी काढायला लाल बदाम. खरं दुखणं बहुतेक वेळा भाड्यात आणि मालकीत असतं. आपल्याकडच्या अनेक बिल्डरांनी गाळे सुटे सुटे विकले आणि हात झटकले. मग एका गाळ्याचा मालक दुबईत, दुसऱ्याचा अकोल्यात, तिसऱ्याचा कोर्टात. कुठे कपड्याचं दुकान हवं, कुठे खाण्याचं, हे ठरवणारं कोणी उरत नाही. शिवाय सोमवारी गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी सोमवारचं भाडं आणि मेंटेनन्स चुकत नाही.

आता आमचा आठवडी बाजार बघा. त्याला दार नाही, छत नाही, नकाशाही नाही, तरी मिरचीवाली कुठे बसणार आणि सुक्या मासळीवाला कुठे, हे गावातलं पोरगंही सांगेल. छोट्या हत्तीतून माल उतरतो, जमिनीवर ताडपत्री पडते, तिच्यावर टमाटरचे, वांग्यांचे ढीग लागतात. ठेकेदाराचा माणूस पावतीबुक घेऊन फिरतो. ग्रामपंचायतीनं वसुलीचा लिलाव केलेला असतो, आणि हा माणूस ताडपत्री बघून पैसे मागतो. मावशी म्हणते, "बोहनी तं होऊ दे!" तो पुढे जातो, तासाभरानं परत येतो. मॉलमध्ये बोहनी होईपर्यंत थांबणारा मॅनेजर मी अजून बघितलेला नाही. दुकानदार आला नाही तर पावतीही नाही. उद्या तो दुसऱ्या गावच्या बाजारात असतो, परवा तिसऱ्या. गिऱ्हाईक गावाचं, दुकान सगळ्यांचं.

माझं म्हणणं असं की बाजार टिकला तो सहा दिवस बंद असतो म्हणून. रोज उघडं असलेल्या ठिकाणी माणूस उद्या जातो, आणि उद्या काही केल्या येत नाही. बाजाराचा दिवस मात्र चुकवता येत नाही. आठवडाभराचं तिखट-मीठ आणि आठवडाभराच्या बातम्या, दोन्ही त्याच दिवशी मिळतात. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, तिचंही हेच. गावागणिक तारीख वेगळी, त्यामुळे पाळण्यावाला आणि जिलबीवाला दोघांनाही सगळीकडे पोचता येतं. दिवसभर दंडार, रात्रभर नाटक, माहेरी आलेल्या लेकी आणि सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे. हे सगळं जमवायला शहरात इव्हेंट मॅनेजर लागतो म्हणे.

हे बिग बाजार काढणाऱ्या किशोर बियाणींना कळलं होतं, असं मला वाटतं. तिथे त्यांनी मुद्दाम दाटी आणि गोंगाट ठेवला, कारण फार मोकळ्या, फार टापटीप दुकानात आपला माणूस बिचकतो. पुढे त्यांनी बुधवार स्वस्ताईचा ठरवला. म्हणजे वातानुकूलित आठवडी बाजारच! २०२२ मध्ये त्यांची दुकानं रिलायन्सकडे गेली ती कर्जापायी. बुधवारची त्यात काही चूक नव्हती.

मॉलचा जनक व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. १९५६ मध्ये अमेरिकेत उघडलेला साऊथडेल मॉल बांधताना त्याच्या मनात गावचा चौक होता. माणसं भेटतील, बसतील, जमलं तर काही घेतील. झालं उलटंच, आणि म्हातारपणी त्यानं आपल्या या लेकराला चारचौघांत नाकारलं. तिकडे काही मॉल वेगळ्या वाटेनं तगले. नॅशव्हिलच्या एका पडत्या मॉलचा वरचा मजला व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दवाखान्यानं घेतला. खाली दुकानं, वर डॉक्टर. आसगावच्या माणसाला ही योजना समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा नागपूरच्या मॉलमालकांनो, कारंज्याचे पैसे वाचवा. तळमजल्याचे रिकामे गाळे आठवड्यातून एक दिवस पावतीवर द्या. भिवापूरची मिरची, भंडाऱ्याची पितळी भांडी, पवनीकडची भाजी येऊ द्या. बोहनी होईस्तोवर वसुलीला जाऊ नका. सुक्या मासळीचा वास वरच्या मजल्यापर्यंत चढेल, हे कबूल. पण तिथे आज नाक दाबायला तरी कोण आहे?